परचेस ऑर्डरवरचा सलोखा : ऑस्ट्रेलियातल्या खरेदी विभागांतील मराठी मंडळींना खुले पत्र

स.न.वि.वि.

हे पत्र ऑस्ट्रेलियातल्या बँका, खाणी, बांधकाम, वीज, रेल्वे, दूरसंचार आणि संगणक सेवा या क्षेत्रांतल्या मोठ्या कंपन्यांत खरेदी, कंत्राटे किंवा बिले पाहणाऱ्या मराठी भाषकांना उद्देशून आहे. आपल्यापैकी अनेकांची आणि माझी गाठ वर्षातून एकदा गणपतीच्या मांडवात पडते. तेव्हा घरांच्या किमती आणि मुलांच्या शाळा यांपलीकडे बोलणे जात नाही, आणि मला जे बोलायचे आहे ते आरतीच्या रांगेत काढण्यासारखेही नाही. मी गेली सतरा वर्षे मेलबर्नमधल्या एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण तिच्यासारख्या कंपन्या पुष्कळ आहेत आणि पुढे सांगणार आहे त्यातली चूक मुख्यतः माझी आहे.

आपल्या कंपनीकडेही बहुधा एक ‘रॅप’ असेल, म्हणजे रिकन्सिलिएशन ॲक्शन प्लॅन. रिकन्सिलिएशन ऑस्ट्रेलिया या संस्थेच्या देखरेखीखाली २००६ पासून ही पद्धत चालू आहे. ॲबॉरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर या इथल्या मूळनिवासी लोकांशी नाते जोडण्यासाठी, त्यांचा मान राखण्यासाठी आणि त्यांना संधी देण्यासाठी कंपनी काय करणार, कधीपर्यंत करणार आणि कोण करणार, हे तीत लेखी द्यावे लागते. रिफ्लेक्ट, इनोव्हेट, स्ट्रेच आणि एलिव्हेट अशा तिच्या चार पायऱ्या आहेत. मुखपृष्ठावर एखाद्या मूळनिवासी चित्रकाराचे सुंदर चित्र असते, आत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा संदेश असतो आणि शेवटच्या पानांवर तक्ता असतो. त्या तक्त्यात मूळनिवासींच्या मालकीच्या व्यवसायांकडून खरेदी वाढवण्याची एक ओळ असते, आणि तिच्यापुढे ‘जबाबदार’ या रकान्यात प्रोक्युअरमेंट मॅनेजर असे छापलेले असते. ते आपण.

‘रिकन्सिलिएशन’ला मराठीत काय म्हणावे, यावर मी बराच अडलो. ‘समेट’ म्हटले तर दोन्ही पक्षांचे थोडेथोडे चुकले होते असा अर्थ निघतो. ‘सलोखा’ म्हटले तर चूक कुणाचीच नव्हती, नुसताच रुसवा होता असे वाटते. आणि ‘मनोमीलन’ हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांनी तिकिटासाठी रुसलेल्या पुढाऱ्यांवर इतका खर्च केला आहे की तो गंभीरपणे लिहिता येत नाही. ज्याची जमीन त्याला न विचारता घेतली, ज्याची मुले उचलून नेली, त्याच्याशी दोनशे वर्षांनी नीट वागायला लागणे याला आपल्याकडे तयार शब्द नाही. नाइलाजाने मी ‘सलोखा’ वापरतो. पण शब्द कोणताही घेतला तरी तो परचेस ऑर्डरवर उतरला नाही, तर बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीच्या गावोगावच्या आवारांतले गवत कापणे, कुंपणे दुरुस्त करणे आणि साफसफाई यांची निविदा माझ्याकडे होती. आलेल्या देकारांत ॲबॉरिजिनल मालकीची एक छोटी फर्म होती. दोन यूट (मागे उघडा हौदा असलेल्या) गाड्या, एक बसून चालवायचे गवतकापणी यंत्र आणि नऊ माणसे, एवढा तिचा पसारा. तिचा दर खालून दुसरा होता आणि कामाची माहिती इतरांपेक्षा नीट लिहिलेली होती. मी तिला पहिल्याच चाळणीत बाद केले. निविदेत दोन कोटी डॉलरचा पब्लिक लायबिलिटी विमा, म्हणजे कामात तिऱ्हाइताला इजा किंवा नुकसान झाले तर त्याच्या भरपाईचा विमा, मागितला होता आणि तिचा विमा एक कोटीचा होता. दोन कोटींचा आकडा आला कुठून, तर बांधकामाच्या जुन्या निविदेतून. मीच तो मसुदा उचलून त्यावर गवतकापणीचे शीर्षक चढवले होते. क्रेन कोसळली तर काय, या हिशेबाने ठरलेली अट मी गवत कापणाऱ्याला लावली. मला कुणी काही विचारले नाही, कारण नियमाने माझे बरोबर होते. त्याच वर्षीच्या आमच्या रॅप अहवालात ‘योग्य मूळनिवासी पुरवठादार उपलब्ध नसल्याने लक्ष्य अंशतः पूर्ण’ असे वाक्य आहे. तेही मीच लिहिले.

त्या फर्मच्या मालकीणबाई पुढे एका पुरवठादार मेळाव्यात भेटल्या. त्यांनी मला ओळखले; मी त्यांना ओळखले नाही. न रागावता त्यांनी विचारले, “विमा मी दुसऱ्या दिवशी वाढवून घेतला असता, पण कंत्राट हातात नसताना त्याचा हप्ता कशातून भरायचा?” मग त्यांनी दुसरी गोष्ट काढली, आणि तिच्यावर मी आजवर विचार करतो आहे. आमच्या अटीप्रमाणे महिना संपल्यावर ४५ दिवसांनी बिलाचे पैसे मिळत. म्हणजे महिन्याच्या पहिल्या तारखेला केलेल्या कामाचा पैसा पंच्याहत्तर दिवसांनी. त्यांची माणसे दर गुरुवारी पगार घेतात. आमच्याकडून पहिला डॉलर येण्याआधी त्यांना नऊ माणसांचे दहा आठवड्यांचे पगार, पेट्रोल आणि यंत्राचा हप्ता खिशातून भरावा लागला असता. थोडक्यात, आमच्या अब्जावधींच्या कंपनीला दोन यूटवाल्या बाईंनी बिनव्याजी कर्ज द्यावे, अशी ती अट होती. बाद झाले ते बरेच झाले, असे त्या हसत म्हणाल्या.

नंतर आम्ही त्यांना चार आवारांचे छोटे काम चाचणी म्हणून दिले. पाहणीला गेलो असताना यूटच्या समोरच्या कप्प्यातून त्यांनी एक वही काढून मला दाखवली. ती शिकाऊ चालकाची लॉगबुक होती. व्हिक्टोरियात २१ वर्षांखालच्या मुलाला गाडीच्या परीक्षेला बसायचे असेल तर पक्का परवाना असलेल्या माणसाला शेजारी बसवून १२० तास गाडी चालवल्याची नोंद दाखवावी लागते, त्यांत २० तास रात्रीचे. आपल्या घरांत हे सहज होते; बाप शनिवारी मुलाला घेऊन फ्रीवेवर जातो आणि कुरकुरतो. ज्या घरात गाडी नाही किंवा परवान्याचे मोठे माणूस नाही, त्या घरातल्या मुलाने हे १२० तास आणायचे कुठून? परवाना नाही म्हणून नोकरी नाही. तरीही कुठेतरी जावे लागते म्हणून तो विनापरवाना चालवतो, पकडला जातो, दंड होतो, दंड थकतो, आणि पुढची वाट कोर्टाकडे जाते. बाईंच्या फर्मने काढलेला मार्ग साधा होता. कामाच्या एका आवारातून दुसऱ्या आवारात जाताना गाडी शिकाऊ मुलाने चालवायची, शेजारी मुकादमाने बसायचे आणि वहीत नोंद करायची. हिवाळ्यात पहाटे अंधारात निघावे लागे, त्यामुळे रात्रीचे तासही भरत. त्या वहीवर एकोणीस वर्षांच्या मुलाचे वाकडेतिकडे अक्षर होते आणि प्रत्येक ओळीपुढे मुकादमाची सही. आमच्या रॅपमध्ये ‘सामुदायिक लाभ’ या मथळ्याखाली जे काही लिहिले होते त्यात हे कुठेच नव्हते. असते तर कुणाला कळले असते, असेही नाही.

मूळनिवासींच्या व्यवसायातून नफ्याखेरीज काय निघते, याचे माझे उत्तर ती वही आहे. मोठ्या साफसफाई कंपनीला मी असे कलम घातले असते तर तिने प्रशिक्षणाचा स्वतंत्र दर लावला असता. इथे ते दरातच होते, कारण ती मुले बाईंच्या भाच्यापुतण्यांची मित्रमंडळी होती. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचे अर्थशास्त्रज्ञ बॉइड हंटर यांनी काही वर्षांपूर्वी अंदाज मांडला होता की मूळनिवासी माणसाला नोकरी मिळण्याची शक्यता इतर व्यवसायांपेक्षा मूळनिवासींच्या व्यवसायात सुमारे शंभर पट असते. आकडा अंगावर येतो. पण ज्याने असे एखादे आवार पाहिले आहे त्याला तो फारसा खटकणार नाही. उलट, एका डॉलरमागे ४.४१ डॉलरचा सामाजिक परतावा हा आकडा आपल्या सादरीकरणांत हमखास येतो, तो मी वापरणे सोडले आहे. मूळनिवासी व्यवसायांची नोंद ठेवणाऱ्या सप्लाय नेशन या संस्थेच्या २०१५ च्या त्या अभ्यासात मोजकेच व्यवसाय होते, आणि दशांश चिन्हानंतरच्या दोन अंकांनी समोरच्याला गप्प बसवता येते म्हणून तो वापरला जातो.

“त्यांच्याकडे भांडवलच नसते,” हे वाक्य आपल्या बैठकांत सुस्काऱ्यासह बोलले जाते, जणू तो स्वभावदोष आहे. भांडवल का नाही, याला इतिहास आहे आणि तो कागदोपत्री आहे. क्वीन्सलँडमध्ये १८९७ च्या कायद्यापासून पुढे विसाव्या शतकात कित्येक दशके ॲबॉरिजिनल मजुरांचे वेतन सरकार स्वतःच्या ताब्यात ठेवत असे. गुराख्यांनी आणि घरकाम करणाऱ्या बायकांनी मिळवलेला पैसा त्यांच्या हाती पूर्ण कधी आलाच नाही. त्याबद्दलचा सामूहिक दावा २०१९ मध्ये १९ कोटी डॉलरांच्या तडजोडीवर मिटला. पश्चिम ऑस्ट्रेलियातला तसाच दावा २०२३ मध्ये सुमारे १८ कोटींवर मिटला. आजोबांचा पगारच बुडाला, तिथे नातवाच्या फर्मला तारण ठेवायला घर कुठून असणार? अशा माणसाला ४५ दिवस थांब म्हणणे म्हणजे जुनी रीत नव्या लेटरहेडवर चालू ठेवणे. हे वाक्य मी आमच्या वित्त विभागासमोर बोललो तेव्हा ते कुणाला आवडले नाही.

ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण लक्ष्य नीट बांधले तर काय होते हे त्यातून दिसते. २०१२-१३ मध्ये केंद्र सरकारची मूळनिवासी व्यवसायांकडून झालेली खरेदी अवघी ६२ लाख डॉलरची होती. १ जुलै २०१५ पासून इंडिजिनस प्रोक्युअरमेंट पॉलिसी लागू झाली आणि कंत्राटांच्या संख्येत ३ टक्क्यांचे लक्ष्य आले. ८० हजार ते २ लाख डॉलरच्या कंत्राटांत आधी मूळनिवासी पुरवठादार आहे का ते पाहणे बंधनकारक झाले. खरेदी आता अब्जांत मोजली जाते. पुढे कुणाच्या तरी लक्षात आले की संख्या भरायला छोटी कंत्राटे पुरतात, म्हणून २०१९ पासून किमतीचेही लक्ष्य आले. २०२५-२६ साठी ते ३ टक्के आहे आणि २०३० पर्यंत ४ टक्क्यांवर न्यायचे आहे. खाजगी क्षेत्रात बिझनेस कौन्सिल ऑफ ऑस्ट्रेलियाच्या सदस्य कंपन्यांनी २०१९ मध्ये पाच वर्षांत ३ अब्ज डॉलरच्या खरेदीचा संकल्प केला. मेलबर्न विद्यापीठाच्या २०२४ च्या पाहणीनुसार मूळनिवासी व्यवसायांची वर्षाची उलाढाल १६ अब्ज डॉलरांवर आहे, आणि ते १ लाख १६ हजारांहून अधिक लोकांना रोजगार देतात. तेव्हा ‘पुरवठादार उपलब्ध नाही’ हे माझे वाक्य जेव्हा लिहिले तेव्हाही आळसाचे होते, आज तर ते खोटेच ठरेल.

आता ज्या बाजूने अहवाल फुगतात तिकडे येतो. २७ मे ते ३ जून हा रिकन्सिलिएशन वीक असतो. पहिली तारीख मूळनिवासींना जनगणनेत मोजण्यासाठी झालेल्या १९६७ च्या सार्वमताची आणि दुसरी जमिनीवरचा त्यांचा हक्क मान्य करणाऱ्या १९९२ च्या माबो निकालाची. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात नायडॉक वीक, म्हणजे मूळनिवासी संस्कृतीचा सप्ताह, येतो. या दोन आठवड्यांत आपल्या सगळ्यांच्या कार्यालयांना एकदम मूळनिवासी केटरर हवा असतो, तोही बुधवारी दुपारी साडेबारालाच. एका केटररने मला सांगितले की त्या दिवसांत तो दहा ऑर्डरी परत पाठवतो आणि ऑगस्टमध्ये त्याचे स्वयंपाकघर रिकामे असते. वर्षभर दर मंगळवारच्या बैठकीचे सँडविच त्याच्याकडून घेतले तर त्याला एक माणूस कायम ठेवता येईल. पण मंगळवारच्या सँडविचचा फोटो कुणी काढत नाही.

टी-शर्टांचेही तसेच. ॲबॉरिजिनल ध्वज हॅरॉल्ड थॉमस यांनी १९७१ मध्ये तयार केला. कपड्यांवर तो छापण्याचा परवाना काही काळ एका बिगर-मूळनिवासी कंपनीकडे होता, आणि २०१९ मध्ये त्या कंपनीने मूळनिवासींच्याच उद्योगांना ध्वज वापरू नये अशा नोटिसा धाडल्या. मेलबर्नच्या क्लोदिंग द गॅप्स या मूळनिवासी कपडे-उद्योगाने त्याविरुद्ध मोहीम चालवली, आणि जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने दोन कोटी डॉलरांहून अधिक मोजून ध्वजाचे हक्क विकत घेतले तेव्हा तो सर्वांना खुला झाला. त्या काळात आमच्या कार्यालयाने सप्ताहासाठी घेतलेले टी-शर्ट कुणाकडून आले होते, हे मी जुन्या बिलांत शोधले. उत्तर लिहीत नाही. आपणही आपल्या बिलांत शोधून पाहावे.

याहून अवघड प्रश्न मुखवट्यांचा आहे. इथे त्याला ब्लॅक क्लॅडिंग म्हणतात. आपल्याला त्याचे स्पष्टीकरण नको, कारण आपण सरपंचपती पाहिलेले आहेत. खुर्ची राखीव, सही बाईंची आणि कारभार यजमानांचा. तसेच इथे कागदावर निम्मे भाग मूळनिवासी भागीदाराचे, आणि दर, माणसे, बँक खाते व निर्णय दुसऱ्याचे. बराच काळ सरकारी धोरणात ५० टक्के मालकी पुरत असे. सप्लाय नेशनकडेही ‘रजिस्टर्ड’ आणि ‘सर्टिफाइड’ अशा दोन पातळ्या आहेत, आणि दुसरीला किमान ५१ टक्के मालकीसोबत व्यवस्थापन व नियंत्रणही त्यांच्याच हाती असावे लागते. १ जुलै २०२६ पासून सरकारी धोरणाची अट ५१ टक्क्यांवर नेण्याचे जाहीर झाले आहे. चांगले झाले, पण टक्क्याने मुखवटा गळून पडत नाही. मी हल्ली निविदेनंतरच्या भेटीत एकच प्रश्न विचारतो : काम बिघडले तर मी रात्री कुणाला फोन करायचा? उत्तर कोण देतो, आणि उत्तर देण्याआधी कुणाकडे पाहतो, हे बघावे.

संगणक क्षेत्रातल्या मित्रांना यापुढचे वाक्य बोचेल. बहुराष्ट्रीय कंपनीचे लॅपटॉप आणि सॉफ्टवेअरचे परवाने मूळनिवासी मालकीच्या विक्रेत्याच्या नावावरून फिरवून घेतले की वर्षाचे लक्ष्य एका दुपारी पुरे होते. विक्रेत्याकडे टक्का-दोन टक्के राहतात, बाकीचा पैसा जिथे जायचा तिथे जातो, आणि आपल्या अहवालात मात्र सगळी रक्कम मूळनिवासी खरेदी म्हणून चढते. यात बेकायदा काही नाही. असे काही विक्रेते त्या टक्क्यांतूनही मुलांना हेल्पडेस्कवर शिकवतात, तेव्हा सगळ्यांना एका मापाने मोजणे अन्याय होईल. पण अहवालात रकमेशेजारी आणखी एक रकाना हवा : यातले त्यांच्याकडे राहिले किती?

खरेदी कितीही चोख झाली तरी ती कशाची भरपाई नव्हे, हेही इथेच सांगतो. २४ मे २०२० रोजी, म्हणजे रिकन्सिलिएशन वीकच्या तीन दिवस आधी, रिओ टिंटो या खाण कंपनीने पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिल्बारा भागात लोहखनिजासाठी जूकन गॉर्जमधली शैलाश्रये सुरुंगांनी उडवली. तिथे ४६,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वावराच्या खुणा होत्या, आणि ती जागा पुटू कुंटी कुरामा व पिनिकुरा लोकांची होती. कायद्याची परवानगी २०१३ पासून कंपनीच्या खिशात होती, आणि रॅपच्या चार पायऱ्यांपैकी सर्वांत वरची, एलिव्हेट, तिच्या नावावर होती. पुढच्याच महिन्यात रिकन्सिलिएशन ऑस्ट्रेलियाने मान्यता काढून घेतली आणि त्याच वर्षी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पद सोडण्याची घोषणा करावी लागली. आपल्या विभागाचा तक्ता हिरवा आहे एवढ्यावर निजणाऱ्यांनी हे प्रकरण विसरू नये.

पण याच धंद्यातली दुसरीही एक हकीकत आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आर्नहेम लँडमध्ये, देशाच्या उत्तर टोकाला, १९६३ मध्ये योल्ङू लोकांनी झाडाच्या सालीवर स्वतःच्या भाषेत आणि इंग्रजीत अर्ज लिहून संसदेकडे पाठवला. गोव्ह द्वीपकल्पावरची त्यांची जमीन बॉक्साइटसाठी दिली जाते आहे आणि आम्हाला कुणी विचारले नाही, हे त्यांचे म्हणणे होते. १९७१ मध्ये ते कोर्टात हरले. खाण झाली, ॲल्युमिना कारखाना झाला, गाव वसले. २०१४ मध्ये कारखाना बंद पडला आणि हजारावर नोकऱ्या गेल्या. त्याच भूमीवर योल्ङूंपैकी गुमाच कुळाच्या गुमाच कॉर्पोरेशनने लाकडाची गिरणी काढली, गुरे पाळली, आणि २०१७ मध्ये गुल्कुला ही संपूर्ण स्वतःच्या मालकीची बॉक्साइट खाण सुरू केली, सोबत प्रशिक्षण केंद्र काढले. ज्या खनिजाविरुद्ध अर्ज लिहिला तेच खनिज ते आता स्वतः खणतात. त्यात विसंगती शोधणाऱ्यांना मी एवढेच म्हणेन की अर्ज खनिजाविरुद्ध नव्हता, न विचारण्याविरुद्ध होता. या सगळ्यामागचे मोठे नाव गुमाच कुळाचे नेते यूनुपिंगू. २०२३ मध्ये ते वारले, आणि गेलेल्या माणसाचे पहिले नाव न उच्चारण्याच्या त्यांच्या लोकांच्या रीतीप्रमाणे मीही ते लिहीत नाही. त्यांनी लावलेल्या दाव्यात मार्च २०२५ मध्ये उच्चतम न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल देऊन भरपाईची वाट मोकळी केली.

आपल्याकडे गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना हाती येईपर्यंत किती वर्षे झगडावे लागले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना गुल्कुलाचे मोल वेगळे सांगायला नको. मालकी हातात आली की मग खरेदीदार महत्त्वाचा ठरतो. खाण त्यांची असली तरी माल नेणारे जहाज, कंत्राटाची मुदत आणि बिलाची तारीख कुणा खरेदी अधिकाऱ्याच्याच टेबलावर ठरते.

आपण भारतातून आलो आहोत, म्हणून आणखी एक गोष्ट सोडता येत नाही. भारताच्या केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के ठेवलेले आहेत, आणि प्रत्यक्ष खरेदी कित्येक वर्षे एका टक्क्याच्याही खाली राहिली. २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी डिक्की ही दलित उद्योजकांची संघटना स्थापन केली ती नोकऱ्या मागणारे नव्हे, देणारे व्हायचे म्हणून. अमेरिकेतल्या अल्पसंख्य पुरवठादारांच्या परिषदेच्या धर्तीवर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात जी संस्था उभी राहिली तीच आजची सप्लाय नेशन, आणि तिचा हेतूही हाच होता. मेरिटचे काय, दर्जाचे काय, हे आपल्यातले काही जण इथल्या बैठकांत ज्या सुरात विचारतात तो सूर मी कॉलेजच्या हॉस्टेलवर ऐकलेला आहे. तेव्हा मी गप्प बसत असे.

मागणे मोठे नाही. रॅप कसा लिहावा हे आपल्या हातात नाही, पण निविदेचा मसुदा आहे. विम्याची रक्कम कामाच्या जोखमीवर ठरवावी, जुन्या मसुद्यावर नव्हे; आणि वाढीव विमा कंत्राट मिळाल्यानंतर, काम सुरू होण्याआधी दाखवण्याची मुभा द्यावी. साठ आवारांचे एक गठ्ठा कंत्राट काढण्याऐवजी त्यातली बारा वेगळी काढता येतात का ते पाहावे. होते, मी करून पाहिले आहे, आणि आमच्या विधी विभागाने आकाशपाताळ एक केले तरी शेवटी ते झाले. एक वर्षाचे कंत्राट देऊन दुसऱ्यासाठी ताटकळत ठेवू नये, कारण एका वर्षाच्या कागदावर कोणतीही बँक यंत्रासाठी कर्ज देत नाही. तीन वर्षांचे द्यावे आणि काम वाईट झाले तर तोडण्याचे कलम नेहमीसारखे ठेवावे. मोठा कंत्राटदार ‘मूळनिवासी उपकंत्राटदाराचा सहभाग ५ टक्के’ असे लिहून देतो तेव्हा सहा महिन्यांनी त्या उपकंत्राटदाराला आपण स्वतः फोन करून काम मिळाले का ते विचारावे. मी पहिल्यांदा असा फोन केला तेव्हा पलीकडच्या माणसाला आपले नाव त्या निविदेत होते हेच ठाऊक नव्हते.

आणि पैसे वेळेवर द्यावेत. इथले केंद्र सरकार ई-इन्व्हॉइस आल्यावर पाच दिवसांत पैसे चुकते करण्याचे धोरण पाळते, मग आपल्याला ते जड का व्हावे? दहा कोटी डॉलरांवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना छोट्या पुरवठादारांचे पैसे किती दिवसांत दिले हे २०२१ पासून सरकारला कळवावे लागते आणि ते आकडे कुणालाही पाहता येतात, तेव्हा आपल्या कंपनीचा आकडा लपलेला आहे अशा समजात राहू नये. पण त्या सरासरीत सगळे छोटे पुरवठादार एकत्र असतात. म्हणून येत्या २७ मेच्या आधी प्रत्येकाने आपल्या प्रणालीतून फक्त मूळनिवासी पुरवठादारांची वेगळी यादी काढावी, आणि तीत दोनच रकाने ठेवावेत : बिल आले ती तारीख आणि पैसे जमा झाले ती तारीख. गणपतीत भेटू तेव्हा मला आपला आकडा ऐकायचा आहे. माझाही सांगेन, गेल्या वर्षापेक्षा तो बरा आहे, पण त्या बाईंच्या गुरुवारपर्यंत अजून पोचलेला नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
खरेदी विभागातला एक सहकारी
मेलबर्न